चाळिशीनंतरची नखे

आपल्या मराठी भाषेने नखाला फारसा मान दिलेला नाही. एखाद्याला हिणवायचे असेल तर 'त्याला याच्या नखाचीही सर नाही' असे आपण म्हणतो. अगदी थोडे काही दाखवायचे तर 'नखाएवढे' म्हणतो. परंतु याच भाषेत संपूर्ण देहाचे वर्णन 'नखशिखान्त' या शब्दाने होते आणि त्यात आरंभ नखापासूनच आहे. नखाखालच्या ज्या नाजूक भागाला जरासा धक्का लागला तरी डोळ्यांत पाणी येते, त्याला आपले जुने लोक 'जिव्हाळी' म्हणतात. जीव जिथे वर आलेला आहे अशी जागा! या शब्दातच आमच्या पूर्वजांचे बरेच निरीक्षण साठलेले आहे, असे मला वाटते.

आयुर्वेदानेही नखाची दखल घेतलेली आहे. नखे व केस ही अस्थिधातूची मले आहेत, असे तेथे मानतात. चरकसंहितेत कामला रोगाचे, म्हणजे काविळीचे, वर्णन करताना पिवळ्या झालेल्या डोळ्यांबरोबर व त्वचेबरोबर नखांचाही उल्लेख आहे. आजही डॉक्टर रोग्याला तपासताना हात हातात घेतात, तेव्हा नाडीबरोबर नखांकडेही एक नजर टाकतात. डोळ्यांच्या पापणीच्या आतील बाजू, जीभ आणि नख या तीन ठिकाणी रक्ताचा रंग सहज दिसतो.

प्रस्तुत लेखात मी चाळीस ते साठ या वयातील नखांचा विचार करणार आहे. हेच वय का, असे कोणी विचारील. आपण विद्यार्थी या वयाचे नाही हे खरे. पण आपले आईवडील याच वयाचे आहेत, आपले पुष्कळसे प्राध्यापकही याच वयाचे आहेत. शिवाय या वयात एक अडचण उभी राहते. शरीरात जो काही बदल होतो, तो 'आता वय झाले' या एका वाक्यात गुंडाळून ठेवण्याची सवय माणसाला याच वयात लागते. काही बदल खरोखरच वयाचे असतात. काही मात्र आजाराचे असतात आणि वयाच्या नावाखाली लपून राहतात. हे दोन्ही निरनिराळे कसे ओळखावेत, एवढेच या लेखाचे प्रयोजन आहे.

नखाची घडण व वाढ

नख हे केराटिन नावाच्या कठीण प्रथिनाचे बनलेले असते. आपले केस, गाईबैलांची शिंगे व खूर याच प्रथिनाचे असतात. नखाचा जो भाग आपल्याला दिसतो तो निर्जीव असतो. म्हणून तो कापताना दुखत नाही. सजीव भाग आहे तो बुडाशी, कातडीच्या घडीखाली दडलेला. त्याला नखमूळ म्हणू. नखाच्या बुडाशी, विशेषतः अंगठ्याला, जो पांढुरका अर्धचंद्र दिसतो तो या नखमुळाचाच पुढे आलेला काठ होय. तेथे नव्या पेशी तयार होतात, कठीण होतात आणि मागून येणाऱ्या पेशींच्या रेट्याने पुढे सरकत राहतात. नख स्वतः रंगहीन, अर्धपारदर्शक असते. ते गुलाबी दिसते याचे कारण त्याच्या खाली असलेले रक्त.

हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. म्हणजे बुडापासून टोकापर्यंत संपूर्ण नवे नख येण्यास सुमारे सहा महिने लागतात. पायाचे नख फार सावकाश, महिन्याला सुमारे १ मिलिमीटर वाढते आणि अंगठ्याचे नख पूर्ण बदलण्यास वर्ष ते दीड वर्ष लागते. या साध्या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. आज आपल्या बोटावर जे नख आहे त्याचे टोक सहा महिन्यांपूर्वी तयार झाले आणि बूड गेल्या काही आठवड्यांत. नख म्हणजे शरीराची मागील सहा महिन्यांची रोजनिशीच म्हणावी लागेल.

वाढीच्या या वेगावर वयाचा परिणाम होतो काय? या प्रश्नाचे उत्तर विल्यम बीन नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरांनी मोठ्या चिकाटीने दिले. त्यांनी आपल्या डाव्या अंगठ्याच्या नखावर दर महिन्याला बुडाशी एक बारीक खूण करावयाची आणि ती टोकाला पोहोचण्यास किती दिवस लागतात ते लिहून ठेवायचे, असा क्रम सुमारे ३५ वर्षे चालविला. १९८० साली त्यांनी हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होते. ६७ व्या वर्षी ते ०.०९५ मिलिमीटरवर आले. म्हणजे वेग जवळजवळ चौथाईने घटला. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही. एक कानस, एक वही आणि स्वतःचा अंगठा एवढ्या सामग्रीवर झालेले हे संशोधन आहे. आपल्यापैकी कोणालाही ते करता येईल.

वयाचे बदल

वय वाढते तसे नखांत जे बदल होतात ते प्रथम पाहू, कारण त्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. नखाच्या बुडापासून टोकाकडे जाणाऱ्या उभ्या बारीक रेषा किंवा कंगोरे चाळिशीनंतर बहुतेकांच्या हातावर दिसू लागतात. कपाळावरच्या आठ्यांसारखेच त्यांचे स्वरूप आहे. नखाची चकाकी कमी होते, नख कोरडे व ठिसूळ होते, टोकाशी पापुद्रे सुटतात. पायाची नखे जाड होतात आणि कापण्यास कठीण जातात. सतत पाण्यात हात, राख किंवा साबणाच्या पावडरीने भांडी घासणे, धुणे यामुळे हे बदल लवकर येतात.

नखावर पांढरे ठिपके उठले की 'कॅल्शियम कमी झाले' असे पुष्कळ जण सांगतात. ही समजूत खरी नाही. नखमुळाला नकळत लागलेल्या बारीकशा माराने असे ठिपके पडतात आणि नखाबरोबर पुढे सरकून निघून जातात. त्यासाठी गोळ्या घेण्याचे कारण नाही.

येथे वाचकांनी एक कसोटी लक्षात ठेवावी. वयाने होणारा बदल सावकाश येतो, वर्षानुवर्षे येतो आणि बहुधा सर्व बोटांवर कमीअधिक सारखा येतो. जो बदल थोड्या दिवसांत येतो, जो एकाच नखावर येतो, किंवा ज्याच्याबरोबर थकवा, धाप, सूज, वजन घटणे अशी दुसरी तक्रार असते, तो वयाच्या खात्यावर टाकू नये. अर्थात ही कसोटी शंभर टक्के अचूक नाही. काही आजारही दहाही नखांवर सावकाश दिसतात. पण कोणता बदल डॉक्टरांना दाखवायचा हे ठरविण्यास ती पुष्कळ उपयोगी पडते.

पांढरे नख, वाकलेले नख

आपला भंडारा जिल्हा तलावांचा आणि भाताचा जिल्हा आहे. आषाढात बांध्यांतून पाणी भरले की रोवणी सुरू होते. पऱ्हे उपटून, चिखलात ओणवे राहून, एकेक चूड रोवण्याचे काम बहुतांशी बायांच्या हातांनी होते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात लाखांदूर तालुक्यातील एका गावी आम्ही घरोघर फिरलो, तेव्हा या हातांकडे मी मुद्दाम पाहिले. चाळिशी-पंचेचाळिशीच्या कित्येक बायांची नखे गुलाबी नव्हती. पांढुरकी, निस्तेज होती. दोघीतिघींची तर मध्ये खोलगट आणि कडांना वर उचललेली, चमच्यासारखी झालेली होती. दमायला होते काय, जिना किंवा तलावाची पाळ चढताना धाप लागते काय, असे विचारले तर उत्तर आले, "आता उमर झाली ना पोरी, असाच रायते."

उमर झाली म्हणून नख चमच्यासारखे होत नाही. शरीरातील लोह दीर्घकाळ कमी पडले म्हणजे नखपत्र पातळ होते आणि मध्ये दबते. पाण्याचा थेंब त्यावर ठेवला तर तो तिथेच राहावा असा त्याचा आकार होतो. पांढुरके नख हे रक्तातील हिमोग्लोबिन घटल्याचे चिन्ह असू शकते. गरोदर नसलेल्या स्त्रीत हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आणि पुरुषात १३ ग्रॅमच्या खाली गेले, म्हणजे प्रत्येक १०० मिलिलिटर रक्तामागे इतके, की त्यास रक्तक्षय म्हणतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. या आकड्यातील वयाची मर्यादा माझ्या मनात घर करून राहिली आहे. पन्नाशीची स्त्री या मोजणीत येतच नाही. मूल होण्याचे वय सरले की ती आकड्यांतूनही वगळली जाते. तिचे रक्त मोजले जात नसेल, तर निदान तिची नखे तरी घरातल्या माणसांनी पाहावीत.

मध्यम वयात रक्त कमी होण्याची कारणे निरनिराळी आहेत. पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत पुष्कळ स्त्रियांना फार अंगावर जाते, महिन्यातून दोनदा जाते. 'या वयात असे होतेच' म्हणून ते सोसले जाते. गर्भाशयातील गाठी हेही त्याचे कारण असते. अनवाणी चिखलात काम करणाऱ्यांच्या पायाच्या कातडीतून अंकुशकृमी नावाचे जंत शरीरात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त शोषतात. जेवणात भात मुख्य आणि गिरणीत पॉलिश केलेल्या तांदळात लोह थोडे, ही आणखी एक बाजू. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर अन्नातील लोह शरीरात कमी मुरते. उलट लिंबू किंवा आवळ्याने ते अधिक मुरते. पुरुषांच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे. पन्नाशीच्या पुरुषाचे नख पांढरे पडले आणि रक्तात लोह कमी निघाले, तर शरीरात कोठेतरी रक्त झिरपत असण्याचा संशय प्रथम घ्यावा लागतो. मूळव्याध, जठरातील व्रण, क्वचित आतड्याचा कर्करोग यांचा शोध घ्यावाच लागतो. नुसत्या टॉनिकच्या बाटलीने असे दुखणे झाकले जाते.

विदर्भात आणखी एका गोष्टीची आठवण ठेवणे आवश्यक आहे. आपल्याकडे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष पुष्कळ कुटुंबांत आढळतो. त्यातही रक्तक्षय होतो, परंतु त्याचे मूळ लोहाच्या उणिवेत नसते. त्यामुळे केवळ लोहाच्या गोळ्यांनी तो बरा होत नाही. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले असून २०४७ पर्यंत हा आजार हटविण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. सांगावयाचा मुद्दा असा की, नख फक्त 'रक्त कमी आहे' एवढेच सुचविते. का कमी आहे, ते रक्ताची तपासणीच सांगते.

चिखलाचे नख

रोवणीच्या दिवसांत हात आठवडेच्या आठवडे ओले राहतात. नखाच्या बुडाशी एक पातळ कातडी नखाला चिकटलेली असते. दाराच्या फटीला कापड कोंबावे तसे तिचे काम असते. पाणी व जंतू आत जाऊ नयेत म्हणून. ओलाव्याने ही कातडी सुटते, आत फट पडते आणि नखाच्या कडेची जागा सुजते, ठणकते, कधी पू होतो. यालाच आपण नखुरडे म्हणतो. वरचेवर झाले की नखमुळाला इजा होऊन नख ओबडधोबड वाढू लागते. स्वयंपाकीण बाया, भांडीवाल्या, धुणे धुणाऱ्या यांनाही हा त्रास असतो. काम झाल्यावर हात स्वच्छ धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करणे, खोबरेल लावणे, आणि ती बुडाची कातडी नखाने किंवा पिनेने न कोरणे हे साधे उपाय आहेत. पू झाला, लाली बोटभर पसरली, ताप आला तर मात्र घरगुती लेपावर थांबू नये.

पायाचे नख जाड, पिवळे व भुसभुशीत होऊन खालून भुगा पडू लागला तर ती बहुधा बुरशी असते. पन्नाशीनंतर ती अधिक आढळते आणि मधुमेह असलेल्यांत विशेष. ज्यांच्या नखांना बुरशी लागलेली आहे त्यांनी एकदा रक्तातील साखर तपासून घ्यावी, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. मधुमेह्याच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. ब्लेडने नख काढताना कोपरा कापला गेला तरी त्याला कळत नाही आणि तेवढ्याशा जखमेतून पुढे बोट किंवा पाय गमावण्याची वेळ येते. नख सरळ रेषेत कापावे, कोपऱ्यात खोल शिरू नये आणि एकाच ब्लेडने घरातल्या सर्वांनी नखे काढू नयेत.

फुगीर बोटे

नखाच्या आकारातील एक बदल अडीच हजार वर्षांपासून वैद्यांना माहीत आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीस याने छातीत पू झालेल्या रोग्यांत त्याचे वर्णन केले आहे. बोटांची टोके ढोलकीच्या काठीसारखी फुगीर होतात आणि नख घड्याळाच्या काचेसारखे बाहेर फुगते. फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसात दीर्घकाळ मुरलेला पू किंवा रोग, हृदयाचे काही विकार, यकृताचे व आतड्याचे काही जुने आजार यांत हे चिन्ह दिसते. ते दुखत नाही, खाजत नाही. म्हणून रोगी त्याची तक्रार करीत नाही.

हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. दोन्ही हातांची तीच बोटे, उदाहरणार्थ दोन्ही तर्जन्या, नखाला नख लावून जोडावीत. निरोगी माणसात दोन्ही नखांच्या बुडांमध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची छोटी खिडकी दिसते. बोटे फुगीर झालेली असतील तर ही खिडकी बंद होते. लिओ शॅमरॉथ या दक्षिण आफ्रिकेतील हृदयरोगतज्ज्ञांनी १९७६ साली ही रीत सांगितली. त्यांना स्वतःला हृदयाच्या आतील आवरणाचा दाह झाला होता आणि आपल्याच बोटांत होत गेलेला बदल पाहून त्यांनी तो टिपला. दुखण्यातही निरीक्षण न सोडणाऱ्या या डॉक्टरांचे कौतुक वाटते.

आपल्या भागात बिडी ओढणारांची संख्या थोडी नाही. धुळीत काम करणारे, गिरणीत व खाणीत राबणारेही पुष्कळ आहेत. बिडीने बोटे व नखे पिवळी होतात, हे सर्वांच्या पाहण्यात असते. परंतु वर्षानुवर्षे बिडी ओढणाऱ्या माणसाची बोटे फुगू लागली, खोकला जुना झाला आणि वजन उतरू लागले, तर दिरंगाई न करता छातीचा एक्स-रे काढणे हाच मार्ग आहे.

रंग आणि रेषा

नखाचा रंगही काही सांगतो. जवळजवळ संपूर्ण नख दुधी पांढरे आणि टोकाशी फक्त एक अरुंद तांबूस पट्टा, असे नख १९५४ साली टेरी या डॉक्टरांनी यकृत खराब झालेल्या रोग्यांत दाखविले. १९६७ साली लिंडसे यांनी मूत्रपिंडाच्या जुन्या रोगात अर्धे पांढरे, अर्धे तपकिरी असे नख वर्णिले. टेरींचे नख हृदयविकारात, मधुमेहात आणि कधी नुसत्या वार्धक्यातही दिसते. म्हणून त्यावरून एकदम निष्कर्ष काढू नये. पायावर सूज, लघवीत बदल, पोट फुगणे अशा तक्रारी जोडीला असतील तर मात्र तपासणी हवीच. नख पुढच्या बाजूने खालच्या कातडीपासून सुटू लागले तर बुरशी, सोरायसिस किंवा मार यांप्रमाणे थायरॉइड ग्रंथीचा विकारही कारण असू शकतो. ती ग्रंथी मंदावली तर नख कोरडे, ठिसूळ होते आणि फारच हळू वाढते. त्याबरोबर थंडी फार वाजते, अंग जड होते, केस गळतात. मध्यम वयातील स्त्रियांत हा विकार बराच आढळतो आणि साध्या रक्ततपासणीने तो कळतो.

काळ्या रेषेविषयी थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. आपल्यासारख्या सावळ्या लोकांच्या एकाहून अधिक नखांवर उभ्या तपकिरी रेषा असणे पुष्कळदा स्वाभाविक असते. परंतु चाळिशी-पन्नाशीनंतर एकाच नखावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, नवी काळी रेषा उमटली, ती रुंदावू लागली किंवा तिचा काळेपणा नखाबाहेर कातडीवर पसरला, तर ते मेलॅनोमा नावाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. हा रोग विरळा आहे, पण लवकर ओळखला तरच आटोक्यात येतो. माराने साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते. ही रेषा सरकत नाही, बुडाशी कायम राहते. खूण म्हणून हा फरक उपयोगी आहे, निर्णय डॉक्टरांनीच करावा.

नखावरची आडवी खोबण मात्र भूतकाळाची गोष्ट सांगते. टायफॉइड, न्यूमोनिया, डेंग्यू, कोविड किंवा मोठी शस्त्रक्रिया अशा प्रसंगी नखमुळाचे काम काही दिवस मंदावते किंवा थांबते आणि पुन्हा सुरू झाल्यावर त्या खंडाची खूण खोबणीच्या रूपाने नखावर राहते. बो या फ्रेंच डॉक्टरांनी १८४६ साली हे नोंदविले. खोबण बुडापासून ६ मिलिमीटर अंतरावर असेल तर दुखणे सुमारे दोन महिन्यांपूर्वीचे, असा हिशेब फूटपट्टीने करता येतो. १९१९ साली मीस या डच डॉक्टरांनी सोमलाच्या विषबाधेत नखांवर उमटणाऱ्या आडव्या पांढऱ्या पट्ट्यांचे वर्णन केले. खाल्लेल्या विषाची साक्ष नख देते, ती अशी.

बुलढाण्याचा धडा

या साक्षीचे एक ताजे उदाहरण आपल्या विदर्भातच घडले आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. तीनचार दिवसांत टक्कल पडावे असा प्रकार! तरुण, म्हातारे, बाया, मुली सर्वच त्यात सापडले. सुरुवातीला पाण्यावर, बुरशीवर संशय गेला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक तपासासाठी आले. विंचूदंशावरील संशोधनामुळे सर्वपरिचित असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही या गावांचा अभ्यास केला. बाधितांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण फार वाढलेले त्यांना आढळले आणि रेशनवर आलेल्या गव्हात ते स्थानिक गव्हाच्या कित्येक पटींनी अधिक असल्याचे त्यांनी निदर्शनास आणले. पंजाबातील होशियारपूर व नवांशहर भागातील काही जमिनीत सेलेनियम मुळातच जास्त असल्याचे कृषिशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक आहे. सेलेनियम शरीराला अत्यल्प प्रमाणात लागते; जास्त झाले की तेच विष ठरते.

पुढे एप्रिल २०२५ मध्ये याच गावांतील अनेकांची नखे विद्रूप होऊ लागली, काहींची गळून पडली. केस डिसेंबरात आणि नखे एप्रिलात, हे कसे? नखाची वाढ जाणणाऱ्याला यात फारसे नवल वाटणार नाही. नखमुळाशी झालेली इजा कातडीखालून बाहेर येऊन नजरेस पडण्यास काही आठवडे आणि सबंध नखभर पोहोचण्यास काही महिने लागतात. चीनमधील हुबेई प्रांतात एनशी भागात १९६० च्या दशकात सेलेनियमयुक्त अन्नामुळे गावेच्या गावे अशीच केस व नखे गमावून बसली होती. दूरच्या त्या गावांची गोष्ट आपल्या शेगावला लागू पडावी, यावरून शरीराचे नियम सर्वत्र सारखेच आहेत हे दिसते.

या घटनेचा मला जाणवलेला अर्थ असा. एका माणसाचे नख बिघडले तर तो त्याचा आजार असतो; एका वस्तीची नखे बिघडली तर तो अन्नाचा, पाण्याचा, कामाचा प्रश्न असतो. बुलढाण्यात हे सारे अचानक झाले म्हणून वर्तमानपत्रांत आले. रोवणीवरच्या बायांची नखे वर्षानुवर्षे हळूहळू पांढरी होत गेली, म्हणून ती कोणाच्या नजरेस आली नाहीत. प्रश्न दोन्हीकडे सारखाच गंभीर आहे.

काय करावे?

नखावरून रोग ठरवू नये, हे मी पुन्हा सांगते. नख शंका उत्पन्न करते. निदान तपासणीने होते. हस्तसामुद्रिकात नखांवरून स्वभाव व भविष्य सांगतात, त्याचा येथे काही संबंध नाही. नख मागचे सांगते, पुढचे नाही.

करावयाचे ते इतकेच. महिन्यातून एकदा, नखे काढण्याच्या दिवशी, दिवसाउजेडी हातापायांची वीसही नखे पाहावीत. मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर त्याखालचा रंग दिसत नाही. डॉक्टरांकडे जातानाही नेलपॉलिश काढून जावे. नख दाबून सोडावे. साधारण दोन सेकंदांत त्याची लाली परत यावयास हवी. चमच्यासारखे नख, बंद झालेली खिडकी, एकाच नखावरची नवी काळी रेषा, थोड्याच आठवड्यांत बदललेला रंग किंवा आकार, यांपैकी काही दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दाखवावे. हिमोग्लोबिनची तपासणी तेथे होते. गावातल्या आशाताईंना विचारले तरी त्या वाट दाखवितात.

आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एक विनंती. चाळिशी उलटलेली माणसे आपली नखे पाहत नाहीत. बायांना तर चिखल आणि भांडी यांतून हात वर काढायला सवड नसते. त्यांची नखे पाहण्याचे काम आपले आहे. या दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा आईचा हात हातात घ्या आणि नखांचा रंग नीट पाहून घ्या. तिने 'वय झाले' म्हटले तर ते खरे मानण्याआधी तिला एकदा रक्त तपासायला घेऊन जा. जिव्हाळा हा शब्द त्याच जिव्हाळीच्या घरातला आहे, हे आपण विसरू नये.